सही पह्यले का दुखणं पह्यले? (कझिन्स, टेटम अन् माह्या भाच्याची टाच)

धुऱ्यावरचा रेफ्री (दारव्हा)

राम राम मंडळी. लांब लिवतो, ज्याले वाचाचा कंटाळा असन त्यानं सरळ खाली जाऊन भांडाले लागावं.

मॅटर असा हाय का माहा भाचा बास्केटबॉल खेळते. गावच्या शाळेत एक रिंग हाय, तिले जाळी मी तं कधी पाह्यली नाई, तिथंच शिकला. मंग अमरावतीले शिकाले गेला अन् तिकडं एकदम उंच निघाला, आता सहा फूट पाच इंच हाय, आमच्या दारातून वाकून येते. त्याले एका शहरातल्या टीमनं एका सीझनसाठी इचारलं. आकडा नाई सांगत, पण आमच्या घरच्या दोन सालच्या कापसापेक्षा जास्त हाय एवढं समजून घ्या. सोमवारी सहीले बोलावलं.

आता लोचा काय, तं पोट्ट्याची उजवी टाच मांगून दुखून राह्यली, दोन महिने झाले. सकाळी खाटेवरून उतरला का पह्यले धा-बारा पावलं बुढ्यावानी चालते, अंगणातल्या नळालोक जाईपर्यंत मोकळा होते, अन् मंग दिवसभर हरणावानी पळते. टीमले हे मालूम नाई. मी त्याले म्हटलं, सही कर पह्यले, दुखणं मंग सांग. बायको म्हणते हे बरोबर नाई. बहीण रडते. जवाई काईच म्हणत नाई, तो कधीच काई म्हणत नाई.

मी असं काहून म्हणतो ते आयका. मी सकाळी पाचले उठून एनबीए, म्हंजे अमेरिकेतली बास्केटबॉलची मोठी लीग, पाहतो, गावातले लोकं येडा म्हणते, म्हणू द्या. डीमार्कस कझिन्स आठवते का कोणाले? 26 जानेवारी 2018, आपल्याकडं 27 ची सकाळ, न्यू ऑर्लिन्स अन् ह्यूस्टनची मॅच. गड्यानं 15 पॉइंट, 13 रिबाउंड, 11 असिस्ट करून ठेवले होते, मॅच हातात आली होती, काही सेकंद राह्यले होते, अन् एक फ्री थ्रो हुकला तं त्याच्या मांगं धावला. झालं. डाव्या टाचेची नस (पोटरी टाचेच्या हाडाले जोडते तो जाड पट्टा) तुटली. वय 27, सरासरी 25 पॉइंट, काँट्रॅक्टचं शेवटचं वर्ष. उन्हाळ्यात मॅक्सच्या, म्हंजे नियमात बसन तेवढ्या मोठ्यात मोठ्या पगाराच्या, सहीले बसणार होता. काय भेटलं त्याले? गोल्डन स्टेटनं एका वर्षाचे 53 लाख डॉलर देल्ले, जो माणूस त्या साली 1 कोटी 80 लाख घेऊन राह्यला होता. पुढच्या साली लेकर्सनं 35 लाख. मंग गुडघा गेला, मंग कोणी इचारलंच नाई धड.

अन् आता जेसन टेटम पाहा. जुलै 2024 ले सही केली, 5 वर्षाचे 31 कोटी 40 लाख डॉलर. 12 मे 2025 ले न्यूयॉर्कमध्ये 42 पॉइंट मारून तीच नस तुटली, उजव्या पायाची. नव्या काँट्रॅक्टचा पह्यला रुपयाही सुरू व्हाचा होता, तरी एक पैसा कटला नाई. डेरिक रोजचंही तसंच, डिसेंबर 2011 ले 9 कोटीच्या वरची सही अन् चार महिन्यानं, 28 एप्रिल 2012 ले, बारा पॉइंटनं पुढं असलेल्या मॅचमध्ये गुडघा गेला. पैसे भेटले.

म्हंजे नस तेच, दवाखाना तेच, फरक काय तं तारखेचा. सही आधी झाली का वाचला. म्हणून म्हणतो, सही पह्यले. बोला आता.

संत्रावाला (वरुड)

भाऊ शंभर टक्के बरोबर. आमच्याकडं इचारा. आंबिया बहार झाडावर असला का व्यापारी येते, बगीच्यात फिरते, झाडं मोजते, ठोक सौदा करते अन् इसार देऊन जाते. गारपीट सौद्याच्या आधल्या रात्री झाली का तोच व्यापारी फोन उचलत नाई. सौद्याच्या दुसऱ्या दिवशी झाली तं मंग कशी मजा, तो माह्या दारात बसून रडते अन् मी त्याले चहा पाजतो.

एकदा तं माह्या झाडाले गळ लागली होती, सकाळी दोन टोपले फळं खाली. मी पाचले उठून सगळी वेचून नाल्यात टाकली, नऊले व्यापारी आला, बगीचा चकाचक. सौदा झाला. मले काई पाप लागलं नाई अजून लोक.

पुण्यात अडकलेला (मूळ आर्वी)

मामा, राग मानू नका, पण अर्धीच गोष्ट सांगितलीत. केविन ड्युरँटला सोयीस्कर विसरलात. 10 जून 2019, फायनलची पाचवी मॅच, तीच नस, उजवा पाय. त्याचीही सही झालेली नव्हती, तोही त्याच उन्हाळ्यात मोकळा होणार होता. वय 30, म्हणजे कझिन्सपेक्षा मोठा. वीस दिवसांत ब्रुकलिनने 4 वर्षांचे 16 कोटी 40 लाख डॉलर कबूल केले, पहिलं वर्ष तो नुसता बाकावर बसणार हे माहीत असताना. तीन दिवसांनी त्याच फायनलमध्ये क्ले थॉम्प्सनचा गुडघा गेला, त्याचंही काँट्रॅक्ट संपत होतं, त्याला गोल्डन स्टेटने 5 वर्षांचे 19 कोटी दिले. मग कुठे गेली तुमची तारीख?

टीम काय बघते तर हा माणूस परत आल्यावर काय करू शकेल. ड्युरँट जवळपास सात फुटी आणि उभ्या उभ्या शॉट मारतो, उडी अर्धी झाली तरी त्याच्या हातातला बॉल कोणाला मिळत नाही. कझिन्स सव्वाशे किलोच्या आसपासचा, अंगावर जाऊन खेळणारा, सगळा भार टाचेवर. मार्केट निर्दयी असेल पण आंधळं नाहीये.

आणि टीमचीही एक बाजू असते की नाही? ब्रँडन रॉयला पोर्टलँडने 2009 मध्ये 8 कोटी डॉलरच्या वरचं 5 वर्षांचं काँट्रॅक्ट दिलं, डिसेंबर 2011 मध्ये गुडघ्यांमुळे तो 27 व्या वर्षी रिटायर झाला, पैसे टीमने भरले. 2025 मध्ये डेमियन लिलार्डची नस तुटली, मिलवॉकीने त्याला सोडलं, पण उरलेले 11 कोटी 30 लाख पाच वर्षांवर पसरून देत बसणार आहेत, दर वर्षी सव्वादोन कोटीच्या घरात, आणि लीगने टीमला घालून दिलेल्या पगाराच्या मर्यादेत तेवढी जागा, माणूस नसतानाही, अडलेली. तो गेला पोर्टलँडला परत, तिथे 3 वर्षांचे 4 कोटी 20 लाख वेगळे. म्हणजे दोन्हीकडून. छान आहे त्याचं, मला आनंदच आहे, पण टीम म्हणजे धर्मशाळा नाही.

संत्रावाले, तुम्ही केलं त्याला आमच्या ऑफिसात फ्रॉड म्हणतात. मामा, भाच्याला हे शिकवू नका.

संत्रावाला (वरुड)

तुमच्या ऑफिसात गारपीट होते का कधी?

धुऱ्यावरचा रेफ्री (दारव्हा)

ड्युरँटचं मान्य. पण ड्युरँट म्हंजे ड्युरँट, दोनदा फायनलचा एमव्हीपी, म्हंजे सगळ्यात भारी खेळाडू, झालेला माणूस. त्याची नस तुटली तरी लोकं लाइनीत उभे राहते. माहा भाचा ड्युरँट नाई ना बाप्पा. त्याच्यासारखे सहा-पाचवाले पंजाबात गल्लीगल्लीत भेटते. सही जेवढी ड्युरँटले लागते त्याच्यापेक्षा ज्याले कोणी वळखत नाई त्याले जास्त लागते, एवढंच म्हणतो.

फिजिओताई (यवतमाळ)

सगळे पैशावर बोलून राहिले, त्या पोराच्या पायावर कोणी बोलेल का?

सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं आखडणं, मग चालून मोकळं होणं, हे टाचेच्या नसेचं अगदी ठरलेलं लक्षण आहे, माझ्याकडे आठवड्यात दोन-तीन तरी येतात, अर्धे पोलीस भरतीवाले. दिवसभर पळता येतं म्हणूनच ते फसतात. ही नस म्हणजे पोटरीचे स्नायू जिथे जुळून टाचेच्या हाडाला लागतात तो जाड पट्टा. तिला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती भरून यायला वेळ घेते. दुखणारी प्रत्येक नस तुटते असं अजिबात नाही, बहुतेक व्यायामाने आणि भार कमी करून बऱ्या होतात. पण तीन-चार महिने लागू शकतात, आणि सीझनमध्ये ते कोण देणार?

ज्यांची तुटते ते सगळे एकच वाक्य बोलतात, "मॅडम, मागून कोणीतरी लात मारली असं वाटलं, वळून पाहिलं तर मागं कोणीच नाही." पोराला पालथं झोपवायचं, पाय पलंगाबाहेर, पोटरी हाताने दाबायची. नस चांगली असेल तर पंजा आपोआप हलतो. तुटली असेल तर पंजा मेलेल्या मासोळीसारखा लटकून राहतो. हे पाहायला एमआरआयसुद्धा लागत नाही. मी एका कबड्डीच्या पोराचा असा पाय हातात धरलेला आहे आणि त्याचा बाप शेजारी उभा राहून विचारत होता, परवाच्या मॅचले चालेल ना?

ड्युरँटचंच घ्या. त्या मॅचच्या महिनाभर आधी पोटरी दुखावली म्हणून बाहेर होता, परत आला, 12 मिनिटं खेळला, 11 पॉइंट केले आणि नस गेली. इंडियाना टीमचा हॅलिबर्टन, 22 जून 2025, फायनलची सातवी मॅच, त्याचीही पोटरी आधीच दुखावलेली, पहिल्याच क्वार्टरमध्ये तीन थ्री (लांबून मारलेले तीन-तीन पॉइंटचे शॉट) मारले आणि नस गेली. पोटरीमुळेच नस तुटली असं ठासून मी म्हणणार नाही, पण दुखरा पाय घेऊन मोठ्या मॅचला उतरणं काय असतं ते दिसलं. तुटली की नऊ महिने ते वर्ष. एनबीएवाल्याकडे चार डॉक्टर असतात. तुमच्या भाच्याकडे कोण आहे?

धुऱ्यावरचा रेफ्री (दारव्हा)

ताई हॅलिबर्टनची ती मॅच मी धुऱ्यावर बसून पाह्यली होती. सकाळचे सहा वाजून राह्यले होते, पेरणीचे दिवस, सालदार बियाणं घेऊन आला अन् मी मोबाइल पाहून "अरे अरे अरे" करून राह्यलो. त्याले वाटलं घरी कोणी वारलं. तो पोरगा जमिनीवर हात आपटून राह्यला होता, ते मी इसरत नाई.

पण ताई, हॅलिबर्टनचं काँट्रॅक्ट आधीच होतं, 24 कोटी डॉलरच्या वर. म्हणून तो छातीठोकपणे उतरला. फिरून फिरून तिथंच येते गोष्ट.

पटवाला बापू (हिंगणघाट)

मले त्या बास्केटबॉलातलं काई समजत नाई, नातवानं वाचून दाखवलं म्हणून लिवून राह्यलो, तोच टाइप करून राह्यला.

मी चाळीस वर्ष बैलबाजार केला. लंगडा बैल इकाच्या शंभर युक्त्या मले येते. रात्री गरम पाण्यानं शेकायचा, बाजारात मऊ मातीवर उभा करायचा, गिऱ्हाईक आलं का दुसऱ्या बाजूनं चालवून दाखवायचा. एका साली म्या एक गवळाऊ बैल असाच इकला, पांढराफेक, दिसाले राजा. मांगच्या पायात कसर होती. गिऱ्हाईक दात पाहून, शेपटी पाहून, खूर उचलून पैसे देऊन गेला. पुढच्या बाजाराले तो आला तं भांडला नाई, काई नाई. माह्या दावणीसमोर उभा राह्यला अन् जो कोणी गिऱ्हाईक येईन त्याले नुसतं सांगे, याच्या बैलाचा मांगचा पाय पाहून घेजो. दिवसभर उभा होता, भाकरही तिथंच खाल्ली. दोन वर्ष माह्या दावणीवर बैल फुकट उभे राह्यले.

बाजारात तोंड एकच असते. पोराले सांगा खरं बोलाले.

पुण्यात अडकलेला (मूळ आर्वी)

बापू, नमस्कार घ्या. तुमच्या बाजारासारखाच किस्सा एनबीएत झालाय, ऑगस्ट 2017. आयझेया थॉमस, पाच फूट नऊ इंच, 2011 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, शेवटचा, साठावा. बॉस्टनकडून 2016-17 मध्ये 28.9 ची सरासरी काढली. बॉस्टनच्या पहिल्या प्लेऑफ मॅचच्या (सीझननंतरच्या बाद फेरीच्या) आदल्या दिवशी बहीण अपघातात गेली, तरी खेळला, आणि 2 मे ला, तिच्या वाढदिवसाला, 53 पॉइंट मारले. कमरेच्या सांध्याला दुखापत होती, तीही ओढत नेली. त्याच उन्हाळ्यात बॉस्टनने त्याला क्लीव्हलँडला देऊन कायरी अर्विंग घेतला. क्लीव्हलँडने तपासणी केली आणि म्हणाले, कंबर आम्ही समजलो त्यापेक्षा खराब आहे, अजून काहीतरी द्या. सौदा आठवडाभर अडकला, शेवटी बॉस्टनने वरून ड्राफ्टच्या दुसऱ्या राउंडचा एक पिक (खेळाडू निवडायची एक पाळी) टाकला, तेव्हा मिटला.

पटवाला बापू (हिंगणघाट)

वरून दावं अन् घुंगरमाळ देल्ली म्हणा. अन् त्या पोराचं काय झालं मंग?

पुण्यात अडकलेला (मूळ आर्वी)

त्या पोराचं वाईट झालं. मॅक्स मिळेल असं त्याला आणि सगळ्यांना वाटत होतं. 2018 च्या उन्हाळ्यात डेन्व्हरने किमान पगारावर घेतलं, एका वर्षाचे 20 लाख डॉलर. हे मला स्वतःला अजून पचलेलं नाही, मघाशी मी मार्केट आंधळं नाही म्हणालो, पण हा प्रकार आठवला की ते वाक्य घशात अडकतं. बॉस्टनसाठी त्याने जे ओढलं त्याची किंमत बॉस्टनने शून्य धरली.

तरी भाच्याबद्दल मत तेच. टीम तपासणी करणारच. लपवून सापडला तर काँट्रॅक्टही जाईल आणि नावही. त्यापेक्षा सांगून कलम घालून घ्या. फिलाडेल्फियाच्या एम्बीडचं 2017 चं काँट्रॅक्ट बघा, पहिले दोन सीझन पायामुळे एकही मॅच खेळला नव्हता, तरी 5 वर्षांचे 14 कोटी 80 लाखांच्या आसपास दिले, फक्त जुनंच दुखणं परत उपटलं आणि ठरावीक मॅच बुडाल्या तर टीमला सुटका, असं लिहून घेतलं. दोघांनी आपापली भीती कागदावर आणली. हाच मोठ्या माणसांचा व्यवहार.

सालदाराचा पोरगा (मूर्तिजापूर)

दोघं-तिघं मिळून लय शहाणपण चालू हाय म्हणून बोलतो.

माहा बाप सालदार होता. पाडव्याले साल ठरे, उचल भेटे, ज्वारीचे कट्टे भेटे. एका साली पुसात कडब्याच्या गंजीवरून पडला, खुब्याचं हाड गेलं. पाडव्याले तीन महिने बाकी होते. मालक घरी आला, बिस्किटचा पुडा घेऊन आला, खरं सांगतो, पुडा माह्याच हातात देल्ला, अन् बापाले म्हणे, साल तुह्याकडून मोडलं, उचलीचं कसं करतं? बापानं मोडलं म्हणे साल. गंजी त्याची, काम त्याचं. मंग माहा मोठा भाऊ दहावीची परीक्षा सोडून तीन महिने त्याच्या वावरात राबला अन् उचल फेडली. इथं कोणतं कलम होतं पुणेवाले? इथं कोणी कोणाची भीती कागदावर आणली?

एनबीएच्या पोरांले पैसे भेटते ते मालकाचं मन मोठं हाय म्हणून नाई भेटत. 1954 ले बॉस्टनच्या बॉब कूझीनं खेळाडूंची युनियन काढली, दहा वर्ष झाले तरी मालकांनी पेन्शन कबूल केली नाई. मंग 1964 ची ऑल स्टार मॅच, बॉस्टनले, रात्री टीव्हीवर दाखवणार होते, अन् सगळे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून राह्यले, पेन्शनचं कबूल करा तं बाहेर येतो. मालक दार वाजवून राह्यले. कबूल केलं तवा मॅच झाली. तवापासून आजची गॅरंटी आली. पोरीचं पाहा, ब्रिआना स्टुअर्ट, डब्ल्यूएनबीएची, म्हंजे बायांच्या एनबीएची, एमव्हीपी, 2019 ले तिथली सगळ्यात मोठी पगार सव्वा लाख डॉलरच्या आत होती म्हणून हिवाळ्यात रशियाच्या टीमकडून खेळाले जाये, अन् त्याच टीमकडून युरोलीगच्या फायनलमध्ये टाचेची नस तुटली. इकडचा अख्खा सीझन गेला. पुढच्याच साली खेळाडूंच्या संघटनेनं भांडून नवा करार केला अन् मोठ्यात मोठी पगार दोन लाखाच्या वर नेली.

म्हणून रेफ्री भाऊ, भाच्यानं सांगू नाई. टीम त्याले सांगते का का तिकिटाचे किती आले, स्पॉन्सरनं किती देल्ले? मंग यानंच काहून सगळं उघडं करून बसावं? बापू, तुमच्या गिऱ्हाइकाकडं बैल पाहाले डोळे होते, भाच्याकडं टीमची वही पाहाले कोणाचे डोळे हाय?

अन् जाता जाता एक. "सालदार बियाणं घेऊन आला" म्हणून मोठ्या मजेनं लिवलं तुम्ही. त्याचा पाय मोडला तं तुम्ही काय करान?

पावसाची वाट (पुसद)

मधात घुसतो. कोणाकडं पाणी आलं का? आमच्याकडं पाच दिवसांपासून नुसतं आभाळ येऊन जाते, सोयाबीन माना टाकून राह्यलं.

धुऱ्यावरचा रेफ्री (दारव्हा)

पाणी नाई इकडंही.

सालदाराचा पोरगा, तुम्ही इचारलं म्हणून सांगतो, नाईतं सांगितलं नसतं. दोन वर्षामांगं त्याले वावरात साप चावला. गाडीत घालून यवतमाळले नेलं, दवाखान्याचा खर्च म्या केला. एक महिना घरी होता. पाडव्याच्या हिशेबात म्या त्याचे पंधरा दिवस कापले. तवा मले वाटलं का म्या अर्धे सोडले, म्हंजे लय मोठं काम केलं. तो काई बोलला नाई, त्यानं अंगठा मारला. आता तुमचं वाचून बसलो तं मले ते पंधरा दिवस दिसून राह्यले. बायकोनं मांगून वाचलं, ती म्हणे मी तवाच सांगत होती.

गोळाफेक बाद (आर्णी)

एवढं सगळं झालं तं माहं पण आयका, मी लपवणारा हाय.

2016 ची गोष्ट. मी जिल्ह्याकडून बास्केटबॉल खेळलेलो, सरकारी नोकरीत खेळाडूसाठी राखीव पाच टक्के जागांत बसीन अशी आशा, सोबत पोलीस भरतीची तयारी. भरतीच्या वीस दिवस आधी एका गावच्या स्पर्धेत पैशासाठी उतरलो. दोन हजार कबूल केले होते. रिबाउंडले उडलो अन् खाली एकाच्या पायावर उतरलो, गुडघा आतून कट्ट वाजला. रात्री टरबुजावानी सुजला. ज्यांनी बोलावलं होतं ते म्हणे फायनल खेळला असता तं देल्ले असते.

घरी सांगितलं नाई. पट्टी बांधली, गोळ्या खाल्ल्या, भरतीले गेलो. 100 मीटर निघालं. गोळा 7.26 किलोचा, तोही कसाबसा फेकला. 1600 मीटरले चार राउंड होते, तिसऱ्या राउंडच्या वळणावर गुडघा बाजूले सरकला, अक्षरशः बाजूले, अन् मी चुन्याच्या पट्टीवर पडलो. मांगचे पोरं माह्यावरून उड्या मारून गेले. एकानं पडता पडता "सॉरी भाऊ" म्हटलं, ते आठवते.

लपवून भेटलं काईच नाई. पण खरं सांगतो, सांगितलं असतं तरी काई भेटणार नव्हतं. भरतीवाले तुमच्या गुडघ्यासाठी थांबत नाई. म्हणून मी रेफ्री भाऊले हे कर का ते कर असं सांगू शकत नाई. फक्त एक नाव सांगतो, शॉन लिव्हिंगस्टन. 2007 ले गुडघा असा मोडला का डॉक्टर पाय कापावा लागन म्हणून बोलले होते. मंग सात वर्ष या टीममधून त्या टीममध्ये, छोटे छोटे काँट्रॅक्ट, काही तं दहा दिवसाचे. 2014 ले गोल्डन स्टेटनं 3 वर्षाचे 1 कोटी 60 लाख देल्ले अन् तीन चॅम्पियनशिप जिंकला. त्याचा तो व्हिडिओ मी एकदाच पाह्यला, पुन्हा पाह्यची हिंमत झाली नाई. मी आता किराणा दुकान चालवतो, ते बरं चाललं हाय.

संत्रावाला (वरुड)

एका सहीवरून तुम्ही लोकांनी सगळ्याले रडवून सोडलं राजेहो.

फिजिओताई (यवतमाळ)

रेफ्री भाऊ, सोमवारच्या आधी पोराला माझ्याकडे आणा, फी घेणार नाही. सोनोग्राफीवर नस किती जाड झालीय ते कळेल. सांगायचं की लपवायचं ते तुम्ही ठरवा, पण काय सांगायचं आणि काय लपवायचं ते तरी आधी माहीत करून घ्या. आणि तोवर उड्या बंद. दोरीवरच्यासुद्धा.

धुऱ्यावरचा रेफ्री (दारव्हा)

अपडेट.

ताईकडं नेला होता. नस जाड झाली हाय, फाटलेली नाई. बारा आठवड्याचा व्यायाम देल्ला, पायरीवर पंजे ठेवून टाच हळूहळू खाली सोडायची, दिवसातून दोनदा. पोट्टा आमच्या ओट्यावर करते, गावातले पोरं पाहाले येते.

रात्री मी त्याले बसवून समजावणार होतो. तुमचं सगळं वाचून माहं मत अर्धं इकडं अर्धं तिकडं झालं होतं, म्हटलं दोन्ही बाजू मांडू. तं तो म्हणे मामा म्या दुपारीच मॅनेजरले फोन केला. सगळं सांगून टाकलं, रिपोर्टचा फोटोही टाकला. मी म्हटलं कोणाले इचारून? म्हणे कोणाले नाई, मीच खेळणार हाय ना.

मॅनेजर ओरडला नाई. म्हणे ये तू, आमचा फिजिओ पाहीन, मंग आकडा बोलू. आता आकडा बोलू म्हंजे कमी होणार, एवढं मले या वयात समजते. पण ये म्हणे. आईवडिलांसाठी तिकीट नाई पाठवलं, फक्त त्याचं पाठवलं.

कागदाचा फोटो आला का इथं टाकतो, पुणेवाले, ते कलमाचं जरा वाचून घेजा, मले इंग्रजी भाषेतलं बारीक अक्षर दिसत नाई. सकाळी सहाची अमरावती बस हाय, सोडाले मीच चाललो. अन् सालदाराचे पंधरा दिवसाचे पैसे बायकोनं आज काढून ठेवले, पाकिटावर नाव लिवून फ्रीजवर ठेवले. देताना काय म्हणून देऊ ते अजून सुचलं नाई.